पांढऱ्या शेवंतीचा हार

शहाडच्या एका खाजगी विद्यापीठात चिनी भाषा आणि संस्कृतीचं केंद्र निघालं, ते केवळ भावनाच्या हट्टापायी. चीनमध्ये शिकून आल्यापासून पोरगी घरी बसलेली. 'आता काय चायनीजची गाडी टाकणार?' असं विचारून भावकीने तिला नुसतं भंडावून सोडलेलं. शेवटी परशुरामकाका कामी आला. विद्यापीठाची जागा एके काळी त्याच्याच भातशेतीची, म्हणून तो विश्वस्त. त्याने शब्द टाकला आणि एक हॉल मिळाला.

उद्घाटनाला भावनाच्या लिनबाई चीनहून येणार होत्या. परमुलखात या बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलेलं. आता तिकडून शिक्षक आणि पुस्तकं येणार की नाही, हे बाईंच्याच शब्दावर होतं. शिक्षक-पुस्तकं आली नाहीत तर केंद्र म्हणजे नुसती पाटी. भावनाने जिवाचं रान केलं. लाल कंदील, लाल पडदे, लाल फीत. सजावटवाल्याला बजावून ठेवलं, पांढरी फुलं अजिबात नकोत, तिकडे ती मयताला वाहतात.

आणि ऐनवेळी बाईंचा व्हिसाच आला नाही. मग त्यांना मोठ्या टीव्हीवर दाखवायचं ठरलं. पाहुणी प्रत्यक्ष येत नाही म्हटल्यावर काकालाही हाराबद्दल बजावायचं भावनाच्या डोक्यातूनच गेलं. तिथेच घात झाला.

टीव्हीवर बाई दिसल्या. चेहरा ओढलेला होता, पण भावनाला बघून हसल्या. इकडचा हॉलही त्यांना कॅमेऱ्यातून दिसत होता. तेवढ्यात काका उठला आणि त्याने पिशवीतून हार काढला. कल्याणच्या फूलबाजारात स्वतः जाऊन आणलेला, मनगटाएवढा जाड, पांढऱ्याशुभ्र शेवंतीचा.

"काका, थांब जरा," भावना पुढे झाली.

"अगो, पावनी टीव्हीवर हाय म्हनून काय तिला हार नय घालाचा? आपल्यान हाय का तशी रीत?" म्हणत काकाने तो टीव्हीलाच घातला आणि हात जोडले. आता विश्वस्तच हात जोडून उभा म्हटल्यावर अख्खा हॉल उठला आणि सगळ्यांनी हात जोडले.

भावना माईक धरून गारठली. हार काढावा तर चारचौघांत काकाची शोभा, ठेवावा तर बाईंना काय वाटेल.

बाई कॅमेऱ्याजवळ सरकल्या. मग चिनीत हळूच म्हणाल्या, "तुला कसं कळलं गं? मी तर तुला कळवलंही नव्हतं. मागच्याच आठवड्यात गेले हे. जाताना तुझंच नाव काढत होते. आणि तुम्ही सगळे इतक्या लांबून त्यांच्यासाठी उभे राहिलात. शिक्षक पाठवते मी. काळजी करू नकोस." एवढं बोलून त्यांनी मान झुकवली.

ज्या माणसाने भावनाला हाताला धरून चिनी अक्षरं गिरवायला शिकवलं, तो गेला होता. आणि ते तिला आत्ता कळत होतं, हे बाईंना सांगायची सोय उरली नव्हती.

"काय बोलली गो पावनी?" काकाने विचारलं. सगळा हॉल तिच्या तोंडाकडे बघत होता.

"शिक्षक पाठवते म्हणाल्या," भावना म्हणाली. "आणि हार पोचला म्हणाल्या."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टीही मारली. टीव्हीवर बाईंची मान अजून खालीच होती.