चुलीवरच्या डबीतली टोपी

दिघाशीच्या काळूरामने बंदुकीपेक्षा तोंडाने जास्त डुकरं मारली, असं गावात म्हणत. एक मात्र त्याला तोंडानेसुद्धा मारता येत नव्हतं. त्याचा डावा कान अर्धाच होता, म्हणून तो कानतुट्या. दर कापणीला तो भातात यायचा आणि दर कापणीनंतर अंबाडी नाक्याच्या चहाच्या टपरीवर, काळूरामच्या गप्पांत, वीतभर वाढायचा.

"खटका ऐकतो नि बाजूला होतो," काळूराम सांगायचा. "गोळी पोचेपर्यंत एक लोंबी चावून बघतो. म्हणतो, काळूराम, यंदा दाणा पोचट हाय."

खरी गोम टोपीत होती. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासायची, आणि मागच्या टोकावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाते. टोपी सुकी असली तर खटका आणि बार एकच. ओल धरलेली असली तर खटका आधी, बार मागून. मधल्या वेळात शहाणं डुक्कर बांधापलीकडे.

काळूरामकडे टोप्यांच्या दोन डब्या होत्या. एक चुलीवरच्या फळीवर, दुसरी माठाखाली. कानतुट्यासाठी माठाखालचीच निघायची. त्याच्या बायकोला, चंद्राला, हे पहिल्याच वर्षी कळलं.

"अवो, ही टोपी त्याला घालता का मला?"

"तो मेला तर टपरीवर सांगू काय, गो?"

यंदा शेताच्या तिन्ही अंगांना गोदामं उभी राहिली. एका सकाळी वनरक्षक दौलत मोटारसायकल लावून अंगणातच थांबला.

"काका, वाडा रोडला कंटेनरनं डुक्कर उडवलाय. मागचं अंग गेलंय, पण जीव जात न्हाय. डॉक्टरला यायला संध्याकाळ होईल. साहेबांनी परवानगी दिलीय, तुमची बंदूक घ्या."

"कान?"

दौलतने खाली बघितलं. "तुटकाच हाय."

चंद्राने न विचारता फळीवरची डबी काढली आणि सुपात उलटी केली. काळूराम एकेक टोपी उजेडात धरून आत बघू लागला. एकीला हिरवट चढलं होतं. एकीच्या तळाचा पेट घेणारा मसाला खवल्यासारखा सुटला होता.

"ही घ्या की."

"कड फाटलीय. ढिली बसंल."

"इतकं कवा बघितलं न्हाय तुमी."

"एका बारात झालं पायजे. ठिणगी उशिरा गेली नि त्यानं मान हलवली, तर गोळी जबड्यात जाईल. मग दुसरी ठासेपर्यंत तो तसाच."

चंद्राने त्याचा चष्मा काढून पदराने पुसून दिला.

दोन धड टोप्या निघाल्या. पहिली त्याने रिकाम्या बंदुकीला लावली आणि नळी चुलीतल्या गार राखेकडे धरून वाजवली. राख झटक्यात उडाली. ठिणगीची वाट मोकळी होती. दुसरी त्याने छातीच्या खिशात ठेवली.

गोदामाच्या भिंतीलगत चर होता, आणि चराच्या काठावर मोबाइल धरून माणसं उभी होती. दौलतने त्यांना मागे हटवलं. टपरीवर म्हशीएवढा झालेला कानतुट्या चिखलात कुत्र्यापेक्षा थोडाच मोठा दिसत होता. श्वास घेताना त्याच्या नाकाशी बुडबुडे येत होते.

काळूरामने बंदूक ठासली, टोपी बसवली, नखाने दाबून पाहिली. मग अगदी जवळ गुडघे टेकले.

"काय रे," तो हळूच म्हणाला.

त्याने घोडा कट्टकन मागे ओढला. तो आवाज कानावर पडताच डुकराने पुढचे दोन्ही पाय चिखलात रोवले आणि निघायचं बघितलं. काळूरामने त्याला एवढी वर्षं शिकवलं होतं की आवाज आला की निघायला सवड असते. मागचं अंग हललं नाही. पुन्हा ओढून बघितलं, पुन्हा.

काळूराम थांबला. डुक्कर दमलं आणि त्याने डोकं खाली टेकलं, तेव्हा काळूरामने चाप ओढला. खटका वेगळा ऐकूच आला नाही.

"त्याला कळलंपण न्हाय, काका," दौलत म्हणाला.

काळूरामने वाजलेली टोपी नखाने काढली. टोपी चांगली निघाली, एवढंच त्याला दिसत होतं, आणि ते बघवत नव्हतं.

गोदामाच्या कामावरचा जेसीबी खड्डा खणायला आला. चार बकेट माती काढून ड्रायव्हरने हात थांबवला.

"और गहरा ले, भाई," काळूराम काठावरून म्हणाला.

"सुअर ही तो है, चाचा."

"हां. पर पहचानवाला है."

ड्रायव्हरने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि बकेट पुन्हा खाली सोडली.