शहाजादीची जागा

अमीरबीची लेक शहाजादी तापानं गेली तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. पुरुषमाणसं तिला ओढ्याकाठच्या कब्रस्तानात घेऊन गेली आणि रिवाजाप्रमाणं अमीरबी घरीच राहिली. कब्रस्तानाला लागून शालूबाईचं रान. ती त्या दिवशी भांगलत होती. बांधावरनं तिनं सगळं पाहिलं, आणि दिवस कलल्यावर खुरपं हातात तसंच घेऊन ती अमीरबीच्या दारात गेली.

"बाभळीच्या अंगाला हाय गं, सावलीत," ती म्हणाली. "ऊन लागायचं न्हाय तिला."

तेव्हापासनं अमीरबी विचारायची आणि शालूबाई सांगायची. अमीरबीनं कबरीवर लावायला सब्जाचं बी दिलं, ते हिनं नेऊन टाकलं. भाकरी सोडायच्या आधी तिथं तांब्याभर पाणी घालायचं, हे अंगवळणीच पडलं. शालूबाईचा नवरा गणपतराव बघायचा, पण त्यानं कधी अडवलं नाही. माणूस वाईट नव्हता. अमीरबीचा नवरा लालासाब कापूस पिंजून गाद्या करायचा; गणपतरावाच्या लग्नातली गादी त्यानंच भरली होती.

मग नदीचं पाणी पाइपातनं वर आलं. जिथं जोंधळा धड येत नव्हता तिथं ऊस डोलायला लागला, आणि वीतभर जमिनीसाठी भाऊ भावाच्या अंगावर जाऊ लागला. एका उन्हाळ्यात मुसलमानांची घरं उरुसाला परगावी गेली होती. तेवढं निमित्त साधून गणपतरावानं ट्रॅक्टर आणला.

"अवो, तिथं माणसं निजल्यात," शालूबाई आडवी आली.

"माती हाय नुसती. आन् माझ्या एकट्याच्या डोक्यातलं न्हाय हे. समद्या गावाचं मत हाय. बाजूला हो."

लोक उरुसाहून परतले तेव्हा कब्रस्तानाचं कुंपण नव्हतं, बाभळ नव्हती. सरळ सऱ्या पाडून उसाची लावण झाली होती. अमीरबी बांधावर बसून नुसती माती चाचपत राहिली. शालूबाईकडं तिनं एकदाच पाहिलं.

लालासाबनं अर्ज केला. मामलेदार पंचनाम्याला आले, रानात गाव गोळा झालं. सरपंच बाळासो पुढं होऊन म्हणाला, "सायेब, आज्यापणज्यापासनं हे गणपतरावाचंच रान. कब्रस्तान-बिब्रस्तान काय न्हाय."

"माझी पोरगी हाय हितं," लालासाबचा आवाज फाटला.

"तुमी तसंच म्हननार की. तुमच्या घरांभाईर एक तरी माणूस सांगू दे."

मामलेदारांनी सगळ्यांवरनं नजर फिरवली. लालासाबच्या गादीवर निजणारी माणसं पायाच्या अंगठ्यानं ढेकळं उकरत उभी होती. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातनं आवाज आला.

"मी सांगतो की," शालूबाई म्हणाली. डोक्यावरचा पदर सारखा करत ती पुढं आली. "पोरीला मातीत ठेवताना मी बघितलंय. हितं नांगर घातला त्यो आमच्याच घरनं."

घरी गेल्यावर गणपतरावानं तिच्या लुगड्यांचं गाठोडं अंगणात आणून ठेवलं. तिचा लेक कृष्णात दाराला टेकून उभा होता. "आई, लोकांत तोंड दावाय जागा ठेवली न्हाईस," एवढंच तो म्हणाला. ती कोडोलीला भावाकडं गेली.

खटला कोल्हापूरच्या कोर्टात उभा राहिला आणि तारखांमागनं तारखा पडत गेल्या. कधी वकील नाही, कधी न्यायाधीश रजेवर. शालूबाई एसटीनं यायची, अमीरबी गावाकडनं यायची, आणि दोघी कोर्टाच्या पायऱ्यांवर एका फडक्यातली भाकरी खायच्या. भावजय धुसफुसायची, "वन्सं, दुसऱ्याच्या मढ्यापायी आपला संसार मोडला न्हवं?" शालूबाई शेणाची पाटी उचलून बाहेर पडायची. कृष्णातचं लग्न झाल्याचं तिला बाजारात एका बांगडीवालीकडनं कळलं. त्या दिवशी मात्र ती गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडली.

साक्षीच्या दिवशी गणपतरावाच्या वकिलानं विचारलं, "नवऱ्यानं टाकलंय तुम्हाला. त्या रागानं बोलताय, खरं ना?"

"न्हाय. बोलल्यावर टाकलंय."

"मग नवऱ्याच्या विरुद्ध उभ्या का?"

तिनं पलीकडं बसलेल्या गणपतरावाकडं पाहिलं. तो वाळला होता. सदऱ्याचं बटण तुटलेलं होतं.

"त्येंच्या इरुद्ध न्हाय," ती म्हणाली. "पोरगी कुठं हाय, तेवढं सांगाय आलोय."

निकाल लागायच्या आत लालासाब वारला. जागा वादात, म्हणून त्याला शेजारच्या गावात पुरला. लेकीशेजारी जागा मिळावी एवढंच त्याचं मागणं होतं, तेही राहून गेलं.

शेवटी कोर्टानं निम्मी जमीन कब्रस्तानाला परत दिली. ऊस तोडून झाल्यावर अमीरबीनं सांगावा धाडला आणि शालूबाई घर सुटल्यापासनं पहिल्यांदाच गावात आली. दोघी रानात गेल्या. पाचट जाळलेलं, सगळीकडं काळं. ओढ्याचा काठही कुणी तासून सरळ केला होता.

"कुठं गं?" अमीरबीनं विचारलं.

शालूबाई ओढ्याकडनं चालत आली, थांबली, परत गेली. बाभळीचा बुंधासुद्धा उपटून टाकलेला. इकडं बघितलं तर वाटायचं इथंच, चार पावलं सरकलं की वाटायचं तिथं. बोट दाखवलं असतं तर अमीरबीनं डोळे मिटून मानलं असतं. शालूबाईनं हात उचललाही. पण तो तसाच खाली आला.

"कळंना गं मला," ती म्हणाली. "काय बी कळंना."

अमीरबीनं सब्जाच्या बियांची पुडी सोडली आणि चालत चालत सगळ्या रानभर बी फेकलं. शालूबाई तिच्यामागनं पायानं माती ओढत गेली.

जेवायला अमीरबीच्या घरी जाताना वाटेत शालूबाईचं घर लागलं. दारात एक तरणी सून मिरच्या वाळत घालत होती. शालूबाईची पावलं आपसूक थबकली. उंबरा तोच होता.

पोरीनं मान वर करून पाहिलं. कपाळावर कुंकू होतं, चेहरा गोड होता. "कोन पावणं?" तिनं विचारलं. "कुनाकडं आलासा?"

"अमीरबीकडं," शालूबाई म्हणाली, आणि पुढं चालू लागली.