माणसे मोजणारे फाटक

मित्रांनो, मी एक जुने फिरते फाटक आहे. समुद्रातल्या एका लहानशा बेटावर, बोटी लागतात त्या धक्क्यावर मला सिमेंटमध्ये पक्के गाडले आहे. माझे दांडे एकाच दिशेने फिरतात, आत; बाहेर जाणारे माझ्या शेजारच्या वाटेने जातात. एक माणूस आत गेला, की माझ्या पोटातला आकडा एकाने वाढतो. मला ना उलटे फिरता येते, ना जागचे हलता येते.

मी नवे होते तेव्हा तिकीटवाल्या बाई मला रोज तेलाच्या फडक्याने पुसत. पहिल्या वर्षी नऊ हजार माणसे आली. मग कोणी बेटाचे फोटो पसरवले. तिसऱ्या वर्षी चाळीस हजार, पाचव्या वर्षी दोन लाख. पर्यटन खात्याचे साहेब येऊन माझी पाठ थोपटत. मला मात्र गुदमरल्यासारखे होई. विहिरींनी तळ गाठला होता. पाहुणे खिडक्यांतून डोकावत, म्हणून गावातल्या बायका भर दिवसा दारे लावून बसत.

सहाव्या वर्षी एका दुपारी बाईंच्या सासऱ्यांच्या छातीत कळ आली. चौघांनी त्यांना खाटेवर घालून धक्क्यावर आणले. दवाखाना पलीकडच्या काठावर. पण तीन बोटींची माणसे माझ्यातून आत येतच होती आणि धक्का अरुंद. खाट पुढे सरकेना.

"जरा वाट द्या हो," बाई विनवत होत्या.

"आम्हीपण तासभर ताटकळतोय," कोणीतरी म्हणाले.

आणि मी? लोक ढकलत होते, मी फिरत होते. त्या वेळी माझी मलाच लाज वाटली.

बाईंनी साखळी आणली आणि माझ्या दांड्यांना कुलूप घातले. "बेट भरलं. आता कोणी आत येणार नाही."

रांग कुरकुरत मागे बोटींत सरली. खाट बोटीत चढली. सासरे वाचले.

साहेब मात्र तापले. "यंदा आकडा उतरला तर जबाबदार कोण?"

"मी. लिहून देते," बाई म्हणाल्या.

त्या कागदावर बाईंच्या नावाखाली अख्ख्या गावाने सह्या केल्या. साहेबांना नमते घ्यावे लागले.

आता दिवसाला तीनशे माणसे झाली, की मला कुलूप लागते. वर्षाचा आकडा निम्म्यावर आला आहे. कौतुकाला कोणी फिरकत नाही. खाऱ्या वाऱ्याने मी गंजले आहे आणि मरेपर्यंत इथेच रुतलेले राहणार आहे. पण गावातली दारे पुन्हा उघडी दिसतात.

मित्रांनो, मला आपण होऊन थांबता येत नाही. तुम्हाला येते. कुठल्याही गावी जाल, तेव्हा आत शिरण्याआधी एवढे विचारा, "जागा आहे ना?"