मुकादमाचा हात

"ए शेळक्या, आवर तुझी पलटण! पहाटेपासून पाला ओढून आमच्या कंबरेचा काटा ढिला झालाय आणि तुझी जनावरं त्यात नाचतायत!"

एवढं बोलून मी दाताळं आडवं धरलं आणि त्याच्या वाटेतच उभी राहिले. सगळे मला तोंडाळ म्हणतात ते काही उगाच नाही.

शेळक्या, म्हणजे शेळ्या राखणारा, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "माझी वाट आधीची, वहिनी. तुमचा पट्टा नंतर आला. झऱ्यावर जायला दुसरा रस्ता दाखवा, मग खुशाल ओरडा."

"आधी तोंडातली विडी विझव मेल्या!"

"विझलेलीच आहे. चघळतोय नुसती."

मागून मुकादम काका हसत आले. "दोघंही गप्प बसा. शेळक्या, काडेपेटी इकडं दे." आमचा नेमच होता तो. डोंगरावर जाणाऱ्यानं काडेपेटी मुकादमाकडं ठेवायची, उतरताना परत घ्यायची. शेळक्यानं कुरकुरत दिली. काकांनी ती वरच्या खिशात टाकली.

पट्ट्याचं काम हंगामी असतं. डोंगर सरकारी, गवत गुडघ्याच्या वर. उन्हं तापायच्या आधी आम्ही त्यातून रुंद पट्टा कापतो, पाला ओढतो आणि सकाळी दव असतानाच तो पट्टा आपल्या हातानं जाळून काळा करून ठेवतो. पुढं वणवा आलाच, तर तिथं येऊन उपाशी मरतो. जाळणं सोपं असतं हो, जीव खातात ते तोडलेल्या झाडांचे खुंट. वरून राख झालेला खुंट आत मुळापर्यंत धुमसत राहतो, आणि मूळ कुठं पलीकडच्या गवतात तोंड काढेल याचा नेम नाही. पाणी खालून पाठीवर वाहून आणायचं, ते काय सगळ्या खुंटांना पुरतंय? म्हणून काका प्रत्येक खुंटाला तळहात टेकवून बघायचे. "पाज याला," म्हणाले की आम्ही पाणी ओतायचं. "गार आहे," म्हणाले की पुढं जायचं. त्या हाताच्या भरवशावर आम्ही घरी जाऊन निवांत झोपायचो.

त्या दिवशी गार्डबाईही आलेल्या. डोंगराची राखण त्यांच्याकडं. त्या एक लाकडी चौकट गवतावर ठेवतात, तिच्यात मावेल तेवढं गवत कापून वजन करतात, वाळवून पुन्हा वजन करतात. किती ओल उरली ते त्यातून कळतं. त्या म्हणाल्या, "काका, गवत पार कोरडं झालंय. आज एकही खुंट सोडू नका. सगळ्यांना पाणी घाला. हवं तर अजून एक खेप मारू."

"बाई, हा हात कधी खोटं बोललाय का?"

पोरसवदा मुलगी ती, काकांपुढं काय बोलणार? चौकट उचलून बाजूला झाली. आम्ही दात काढले. आणखी एक खेप कुणाला हवी होती?

शेवटचा मोठा खुंट शेळक्याच्या वाटेजवळ होता. काकांनी हात टेकवला, जरा जास्तच वेळ ठेवला. त्यांची सून आमच्याच टोळीत. ती हळूच म्हणाली, "मामंजी, मी बघू का हात लावून?"

"का? माझ्या हाताला काय झालंय?"

इतक्या जोरात ओरडले की ती बिचारी मान खाली घालून मागं सरकली. "गार आहे," काका म्हणाले. "चला खाली." माझ्या पाठीवरच्या पंपात थोडं पाणी उरलं होतं. ओझं कशाला वागवायचं, म्हणून मी ते माझ्याच तापलेल्या पायांवर ओतलं. काय बरं वाटलं होतं तेव्हा!

दुपारी वारा सुटला आणि वर डोंगरावर धूर दिसला. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळं गाव ओल्या फांद्या घेऊन धावलं. झोडपून झोडपून हात सोलले, भुवया करपल्या. दिवस मावळता मावळता आग वरच्या दगडांपाशी थांबली, पण मधला सगळा उतार काळा ठिक्कर पडला. ज्या गवतावर गावाची जनावरं उन्हाळा काढायची, ते सगळं गेलं.

आग निघाली कुठून? शेळक्याच्या वाटेजवळून. झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"काडेपेटी तर काकांकडं होती!" शेळक्या कळवळून सांगत होता. "विचारा की त्यांना!"

"दुसरी असेल मुंडाशात," मी म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता. "विडी ओढल्याशिवाय याला पाऊल उचलत नाही."

गार्डबाईंनी काकांकडं बघितलं. काका फांदी हातात धरून जमिनीकडं बघत होते. "होती माझ्याकडं एक," एवढंच म्हणाले. ते 'एक' ऐकलं आणि आमची खात्रीच पटली.

गार्डबाईंनी शेळक्याला डोंगर बंद केला. डोंगर बंद म्हणजे झरा बंद, आणि झऱ्याशिवाय एवढी जनावरं पाजायची कशी? गावच्या नळावर माणसांचीच मारामारी. त्याची बायको घागरी वाहून वाहून आजारी पडली. दोन शेळ्या त्यानं मिळेल त्या भावात दिल्या. गाव म्हणालं, करावं तसं भरावं. नळावर काकांची सून भेटायची, तिचे डोळे सुजलेले असायचे. मी विचारलं तर म्हणाली, "चुलीच्या धुरानं." चूल तर आम्हीही पेटवत होतो.

खालच्या अंगाला नवा पट्टा ओढायचं काम सुरू झालं. एकदा चहाच्या सुट्टीत आम्ही बसलो होतो, तीन दगडांवर किटली उकळत होती, गार्डबाई चौकट पुसत होत्या. तेवढ्यात शेळक्या शेळ्या घेऊन आला आणि पट्ट्याच्या अलीकडंच थांबला. "बाई, उद्या व्यापारी येतोय. सगळी देऊन टाकतो. आज शेवटचं झऱ्यावर नेऊ द्या. विकायच्या आधी पोटभर पाणी तरी पाजतो."

तेव्हा काका उठले.

"त्यानं काही केलेलं नाही. तो खुंट गरम होता. मी गार म्हणालो. चूक माझी."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मग कुणीतरी म्हणालं, "काका, केवढं हो मन तुमचं!" दुसरा म्हणाला, "गरिबाच्या पोटासाठी स्वतःवर घेतायत. असा माणूस मिळायचा नाही." मीसुद्धा पदरानं डोळे टिपले आणि शेळक्याला सुनावलं, "बघ, शिक काहीतरी! पाया पड त्यांच्या!"

"अरे, मी खरं सांगतोय!" काका ओरडले.

"असू दे काका, कळलं आम्हाला."

काकांचं तोंड असं झालं, जणू आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्यावर थुंकलो होतो. ते खाली वाकले आणि दोन्ही हातांनी उकळती किटली धरून उचलली. कडीला धरून नव्हे हो, पोटाला धरून! तळहात घट्ट लावले आणि आमच्याकडं बघत उभे राहिले. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"मामंजी!" सून किंचाळली.

आम्ही दगड झालो होतो. धावला तो शेळक्या. त्यानं किटली हाणून पाडली, काकांना ओढत पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशी नेलं आणि दोन्ही हात आत बुडवले. "वेड लागलं का काका? जळतंय की!"

"मला कळत नाही रे," काका म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "साखरेच्या आजारानं बोटं मेलीत माझी. दिसतं तेवढंच, कळत काही नाही. सूनबाईला माहीत होतं, तिला मी शपथ घातली. मुकादमी गेली असती, लोक म्हातारा म्हणाले असते, त्याची लाज वाटली. तुझ्या शेळ्या गेल्या तेव्हा जीभ उचलली नाही माझी. आज उचलली, तर हे मला देव करायला निघाले!"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं. आणि फाशीचा दोर ओढायला सगळ्यांत पुढं कोण? मी. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. माझ्या पायांवर ओतलेलं ते पाणी आठवलं. सून काकांच्या हातांना ओलं फडकं गुंडाळत होती आणि आमच्यापैकी कुणाकडंही बघत नव्हती.

गार्डबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "चूक माझीही झाली. वाट मोकळी आहे तुमची. आजही, उद्याही."

शेळक्यानं मान हलवली. 'बघा, मी सांगत होतो की नाही' असं म्हणायचा हक्क होता त्याचा. शिवी दिली असती तरी मी पदर पसरून घेतली असती. त्यानं नुसती शिट्टी घातली आणि शेळ्या पुढं निघाल्या.

मी नेमकी वाटेतच उभी होते. माफी मागायची होती हो. एवढं चालणारं माझं तोंड, आणि बाहेर काय पडलं? तर, "भाऊजी, चहा घेऊन जा."

त्यानं उलट्या पडलेल्या किटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"राहू दे, वहिनी," तो म्हणाला. "जनावरं तहानलीत. सरका जरा."

मी सरकले. मग एकेक करून सगळी टोळीच बाजूला झाली आणि तो वर गेला.