तमालपत्राची चांदी

आमच्या गायनवृंदाची तालीम जुन्या कागद गिरणीच्या तळमजल्यावर चालते. आमच्या रियेका गावचा पाऊस काय चीज आहे, हे त्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीला विचारावं. मी रंगारी आणि वृंदात दुसऱ्या ओळीतला गवई, त्यामुळे दर सप्टेंबरात ती भिंत खरवडून रंगवायचं काम माझ्याच गळ्यात. आणि नाताळ यायच्या आत तिच्यावर काळी बुरशी अशी तरारून यायची, की मी रंग नाही, खत लावलंय असंच वाटावं.

"नेव्हिओ, यंदा काय पेरलंस?" दुयो दरवर्षी विचारायचा. हा दुयो बंदरात क्रेन चालवतो आणि आमच्यात सगळ्यात खालचा सूर लावतो. त्या भिंतीलाच टेकून बसायचा आणि दोन ओळींच्या मधे न चुकता खोकायचा.

गेल्या वर्षी आमच्यात ओर्नेला आली. पन्नाशीची, रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करणारी, घटस्फोटित. पहिल्या दिवशी तिने कुणाला नमस्कार केला नाही की नाव सांगितलं नाही. सरळ भिंतीपाशी गेली, नखाने बुरशी खरवडली, नाकाशी धरली आणि म्हणाली, "किती सुंदर!"

मी विधुर होऊन नऊ वर्षं झाली होती. त्या दोन शब्दांनी मी गारद झालो.

तालमीनंतर ती माझ्याकडे आली. "ही भिंत तुम्ही रंगवता?"

"रंगवतो म्हणजे, ती मला दरवर्षी हरवते."

"मला द्याल? एका हिवाळ्यापुरती?"

मग तिने सांगितलं. आमच्याकडे कुंपणाला जी तमालपत्राची झाडं असतात, त्यांची पानं उकळायची, गाळायची, त्या काढ्यात चांदीचा क्षार घालायचा. बघता बघता पाणी चहाच्या रंगाचं होतं. तो रंग चांदीच्या कणांचा. इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी बसावेत. ते पांढऱ्या रंगात कालवले की बुरशीला भिंतीवर बिऱ्हाड थाटणं जड जातं.

"मग विकायला काढा की!"

"प्रयोगशाळेतल्या बशीत बुरशी मरते हो. बशीत काय, सगळंच मरतं. मला खरी भिंत हवी. ओली, नालायक, सुधारायचं नाव न घेणारी."

"मग ही घ्याच."

तिने तीन डबे आणले. एकात नुसता रंग, दुसऱ्यात रंग आणि पानांचा काढा, तिसऱ्यात काढा आणि चांदी. चांदीने रंग पिवळसर होतो, म्हणून तिन्ही डबे तिने दुधाळ चहाच्या एकाच छटेवर आणले होते; ओळखीला फक्त झाकणावरची चिठ्ठी. कुठला डबा कुठे लावायचा ते मी एकट्याने ठरवायचं, कागदावर लिहायचं आणि बंद पाकीट आमचे मास्तर रादोवान यांच्याकडे द्यायचं.

"तुम्हालाही सांगायचं नाही?"

"मला तर मुळीच नाही. मला कळलं तर माझे डोळे खोटं बोलतील. मला जिथे चांदी, तिथे भिंत स्वच्छच दिसेल."

ती बाहेर पावसात छत्री धरून उभी राहिली. मी आत तीन रुंद पट्टे मारले, दोन-दोन हात: एक दाराकडे, एक मधे, एक खिडकीकडे. पाकीट डिंकाने चिकटवलं, मास्तरांनी त्यावर सही केली.

आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले. सगळ्या वृंदाला ठाऊक, की नेव्हिओच्या तोंडात तीळ भिजत नाही. वरच्या सुरातली कार्मेला फ्रिटुले, म्हणजे आमच्याकडची गोड भजी, तळून आणू लागली. गरम गरम, वर साखर भुरभुरलेली.

"मधला ना रे? मधलाच असणार. खा, अजून घे."

मी छताकडे बघत चावत राहायचो. दुयोने सार्डिन मासे आणले, कुणी घरची वाइन आणली. मी सगळं खाल्लं, सगळं प्यायलो, अवाक्षर काढलं नाही.

आता खरं सांगतो. काढण्यासारखं अक्षर माझ्याकडे नव्हतंच. ऑक्टोबर उजाडेपर्यंत मी दोन जिने आणि एक दातांचा दवाखाना रंगवला होता, आणि कुठला पट्टा कुठला ते साफ विसरलो होतो. तीळ भिजत नाही म्हणता म्हणता देवाने तीळच काढून नेला. पण हे बोललो असतो तर फ्रिटुले बंद झाले असते. शिवाय ओर्नेलाचं माझ्याकडे बघणं बंद झालं असतं.

कारण ती बघायची. तालीम संपली की बसथांब्यापर्यंत माझ्याबरोबर चालायची आणि बघायची. नोव्हेंबरात 'तुम्ही' गेलं.

"सांगू नकोस हं!"

"नाही सांगत."

"काही म्हणजे काहीच नाही."

"एक शब्द नाही."

"भुवई उडाली तुझी! दाराकडचा म्हटल्यावर उडाली!"

"तू दाराचं नावच काढलं नाहीस."

"मनात काढलं होतं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं थांब्यावर असे खिदळलो की बस आली नि गेली.

डिसेंबरात दुयोचा खोकला थांबला. त्याने सिगारेट सोडली होती, पण ते कुणी विचारात घेतलं नाही. तो दाराकडच्या पट्ट्याशी बसत होता, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या तालमीला अर्धा वृंद खुर्च्या ओढून दाराशी! वरचे सूर खालच्यांच्या मांडीवर, कार्मेलाचा कोपर कुणाच्या बरगडीत.

"अहो, मी ऐकू काय आणि कुणाला?" मास्तर ओरडले.

"तो भिंतीचा रंग आहे, खोकल्याचं औषध नाही!" ओर्नेला ओरडली. तिचं कुणी ऐकलं नाही. खिडकीकडे तर बसायला कुणीच तयार नव्हतं. तिथे पाऊस झिरपून आत यायचा.

पाकीट उघडायचं ठरलं फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या मंगळवारी. त्या दिवशी आमच्या गावात साध्या कपड्यांत फिरणारा माणूसच वेडा दिसतो. मास्तर ऑक्टोपस होऊन आले, मोज्यांत कापूस भरून आठ हात केलेले. दुयोच्या अंगावर मेंढीचं कातडं आणि कमरेला मागे भलीमोठी घंटा. ओर्नेला लिंबू झाली होती, गुडघ्यांपासून गळ्यापर्यंत गोल.

आधी खुर्च्या हलवल्या. दाराकडचा पट्टा कमरेच्या उंचीपर्यंत काळा! जिथे सगळे दोन महिने फुप्फुसं भरून घेत होते, तिथेच. कार्मेला किंचाळली. मधल्या पट्ट्यावर करडे ठिपके. आणि खिडकीकडचा, सगळ्यात ओल्या कोपऱ्यातला, दुधाळ चहासारखा नितळ.

मास्तरांना त्या हातांनी पाकीट फाडता येईना. दुयोने दातांनी फाडलं.

"हे काय अक्षर आहे, नेव्हिओ? दाराकडे, नुसता रंग. मधे, काढा. खिडकीकडे..." मास्तरांनी चष्मा सारखा केला. मीही मान पुढे काढली, कारण मलाही तेव्हाच कळणार होतं. "खिडकीकडे, चांदी!"

ओर्नेलाने भिंतीला गाल लावला. "एक भिंत, एक हिवाळा," ती पुटपुटली, "याने काही सिद्ध होत नाही, अजून निदान दहा भिंती..." आणि मग लिंबू टुणकन उडालं! माझ्या गळ्यात पडलं, म्हणजे जेवढं पडता येतं तेवढं.

"पाच महिने! चेहऱ्यावर रेष नाही! कसं जमलं रे तुला?"

मला खोटं बोलवेना. "मी विसरलो होतो."

"काय?"

"कुठला पट्टा कुठला ते. ऑक्टोबरातच."

ओर्नेला खाली बसली आणि हसायला लागली. बसल्यावर लिंबू घरंगळलं, उठता येईना, तिघांनी धरलं तर त्यांच्यासकट पुन्हा कलंडली. दुयो हसताना त्याची घंटा वाजत होती.

"माझे फ्रिटुले परत दे!" कार्मेला पदार्थ मोजल्यासारखी बोटं नाचवत होती.

ओर्नेलाने डोळे पुसले. "म्हणजे इतके दिवस मी तुझा चेहरा वाचत होते, आणि पुस्तक कोरं होतं?"

"कोरं नव्हतं," मी म्हणालो. "विषय वेगळा होता."

ती लाल झाली. लाल लिंबू मी जन्मात पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या रविवारी जवळच्या लोव्रान गावी मास्तरांच्या बहिणीच्या बागेत सगळा वृंद पोती घेऊन हजर. अख्खी खोली रंगवायला पुरतील एवढी तमालपत्राची पानं हवी होती. पाऊस अर्थातच लागला होता. कार्मेला खालच्या फांद्या ओरबाडत माझ्या नावाने काहीबाही गात होती. ओर्नेला माझ्या शिडीवर चढून शेंड्याला पोचली होती, केसांत पानं, नाकावरून पाणी.

"खाली ये, घसरशील!" मी ओरडलो.

"तूच वर ये. इथून समुद्र दिसतोय."

शिडी एकाच माणसाचं वजन पेलणारी होती. मी चढलो, आणि दुयोने दोन्ही हातांनी ती घट्ट धरून आम्हा दोघांना पोटभर शिव्या घातल्या.