भिंत चढणारी बोटं

मुलांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर एक खेळ खेळा. उजवा दंड अंगाला घट्ट चिकटवा, कुणीतरी दोरीने बांधून टाकलाय असा. आता त्याच हाताने केस विंचरून बघा. खुंटीवरचं दप्तर काढून बघा. जमत नाही ना? आधी हसू येतं, मग चीड येते. आता अशी कल्पना करा की हा खेळ संपतच नाही, आणि घरातली मायेची माणसं तुम्हाला म्हणतात, "असू दे, तू नुसतं पडून राहा."

राहीच्या आईचं असंच झालं होतं. गावात विजेचे खांब नुकतेच उभे राहिले होते, तेव्हाची ही गोष्ट. राही कोकणात, खेड तालुक्यातल्या एका वाडीत आजीजवळ आणि आईजवळ राहायची. वडील मुंबईला गोदीत कामाला. त्या वर्षी आईच्या, म्हणजे सगुणाच्या, छातीत गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं. गाठीबरोबर उजव्या बाजूची छाती आणि काखेतला थोडा भागही काढून टाकावा लागला. पावसाळ्याच्या तोंडावर सगुणा घरी आली, ती उजवा हात पोटाशी धरूनच.

आजीचं नाव हौसा. तिने सुनेची बाज पडवीत टाकली, जुन्या लुगड्याची झोळी करून तो हात सुनेच्या गळ्यात अडकवला आणि तिची सगळी कामं काढून घेतली. पाणी नाही, चूल नाही, केरसुणी नाही. भातसुद्धा ती कालवून पुढ्यात ठेवायची. हौसाच्या सख्ख्या बहिणीला हाच आजार झाला होता. ती लावणीला शेतात उतरली आणि त्याच वर्षी गेली. हौसाच्या मनाने तेव्हाच घेतलं होतं, की बहिणीला रोगाने नाही, कामाने नेलं.

"राही, तू आईवर लक्ष ठेव," ती नातीला बजावायची. "बाजेवरून उठली तर मला हाक मार. हात हलवायला द्यायचा नाय."

राहीने मान डोलावली. मोठ्या माणसाची राखण करायला मिळणं म्हणजे काही लहान गोष्ट नव्हती.

वाडीतल्या बायका बघायला यायच्या. पडवीच्या कडेला टेकायच्या आणि मेल्या घरी आल्यासारख्या हळू आवाजात बोलायच्या. शेजारची चिमा तर कुजबुजायचीच. एकदा सगुणा बाजेवरूनच खेकसली, "चिमे, मोठ्यानं बोल की गो! माझी छाती काढली, कान नाय काढले."

चिमा चहा अर्धा टाकून गेली. राही तोंडावर हात दाबून हसत राहिली.

एका दुपारी आजी परसात वाल सोलत असताना राहीने पाहिलं, की आई झोळी काढून भिंतीशी उभी आहे. उजव्या हाताची बोटं तिने कमरेजवळ भिंतीला टेकवली होती आणि ती एकामागून एक वर चढत होती, पाल चढते तशी. छातीपर्यंत आली आणि थांबली. सगुणाने ओठ दातांखाली धरले. बोटं आणखी जराशी सरकली. तिच्या कपाळावर घाम फुटला.

राहीने हाक मारायला तोंड उघडलं.

"मार हाक," सगुणा भिंतीकडे बघतच म्हणाली. "पण आधी मला सांग, पायाला प्लास्टर घातलं होतंन ना तुझ्या शिवामामानं? ते काढलं तेव्हा कसा चालला तो?"

"लंगडत."

"मग काय केलान त्यानं? बाजेवर पडून राहिला?"

"नाय. रोज चालला. कण्हत कण्हत."

"तसंच हे. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. त्या बोलल्या, हात ठेवून दिलात तर ठेवल्या जागी आखडेल. थोडा थोडा चढवा. ताण बसेल, तो सोसा. फार कळ आली तर थांबा, उद्या परत. जड ओझं तेवढं उचलू नका."

"दुखतंय?"

"दुखतंय तर! पण हे माझं दुखणं हाय राही, मी मागून घेतलेलं. ते दुसरं न विचारता आलंन."

 राही परसाच्या दारात जाऊन बसली, आजी उठली तर आईला आधी कळावं म्हणून.

त्या दिवसापासून दुपारचा हा उद्योग दोघींचा झाला. राही आईच्या शेजारी उभी राहून आपलीही बोटं भिंतीवर चढवायची आणि मुद्दाम मागे राहायची. सगुणा म्हणायची, "लबाड! धड हाताची असून हरतेस?" पडवीच्या वाशावरून त्यांनी सुंभाची दोरी टाकली. एक टोक सगुणाच्या डाव्या हातात, एक उजव्या. डावा खाली ओढला की उजवा वर जायचा. उजवा कुरकुरला की सगुणा त्याला शिव्या द्यायची, त्यातल्या काही राहीने शाळेत वापरल्या आणि मार खाल्ला. पाऊस उघडला की दोघी पऱ्यापर्यंत, म्हणजे खालच्या ओढ्यापर्यंत, चालून यायच्या. सुरुवातीला सगुणा वाटेतल्या फणसाखालीच बसकण मारायची. पुढे तिला फणस लागला हेही कळेनासं झालं. जेवण जाऊ लागलं. रात्री डोळा लागू लागला. गाठ पुन्हा येईल की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. पण आई आता दिवसभर वासे मोजत पडलेली नसते, एवढं राहीला दिसत होतं.

हौसाला अर्थातच पत्ता लागला. दोरी वाशावरच राहिली होती.

"तुला मरायचंय काय गो?" ती ओरडली. तिचा आवाज चिरकला होता.

"मरायचं असतं तर बाजेवर सोपं होतं, आत्याबाय."

"माझी बहीण अशीच ऐकत नव्हती."

 सगुणा हळू म्हणाली, "ती दुखणं अंगावर घेऊन राबली. ऑपरेशन नाय, औषध नाय. मी राबत नाय, हात सोडवतेय. आणि किती दिवस हायत ते देवाला ठाऊक. पण जेवढे हायत तेवढे मला कुणी भरवायचं नाय. माझा घास मी घेणार."

हौसाने दोरी ओढून काढली आणि माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी राहीने गोठ्यातली दुसरी आणली.

अशात भाद्रपद आला. मुंबईची माणसं एस.टी. भरभरून गावी आली, घरोघरी गणपती बसले. मग गौरीचा दिवस. त्या वाडीत घरची सून पऱ्यावर जाते, तेरड्याची फुललेली रोपं धुऊन पाण्याच्या तांब्यात ठेवते आणि तो तांब्या डोक्यावर धरून घरी आणते. तीच गौर. एकदा दोन्ही हातांनी गौर डोक्यावर धरली की घराच्या उंबऱ्यापर्यंत कुणी बोलायचं नाही, आणणारीने नाही आणि सोबतच्या बायकांनीही नाही.

सकाळी हौसा म्हणाली, "यंदा आपली गौर चिमा आणील."

"माझ्या घरची गौर चिमा का आणील?" सगुणाने विचारलं.

उत्तर दारात आलेल्या चिमाने दिलं, आणि या वेळी अजिबात कुजबुजली नाही. "राग मानू नको. पण अंगानं अपुरी झालेल्या बाईनं देवीला हात लावावा का? लोक काय म्हणतील?"

सगुणाने सासूकडे पाहिलं. राहीनेही पाहिलं. आजी काहीतरी बोलेल असं दोघींना वाटलं. हौसा वाती वळत राहिली.

सगुणाने पदर खोचला आणि बायकांच्या मागोमाग पऱ्यावर गेली. राही तिच्या बोटाला धरून. पाण्यात तेरडा धुतला, तांब्यात उभा केला. चिमा डोक्यावर ठेवायची चुंबळ नीट करत होती, तेवढ्यात सगुणाने तांब्या डाव्या हाताने उचलला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

"अगो, काय करतेस!" चिमा म्हणाली. "एका हातानं गौर धरतात काय? अपशकुन! खाली ठेव!"

खरंच, गौर दोन्ही हातांनीच धरायची असते. आणि सगुणाचा उजवा हात ऑपरेशननंतर कानाच्या वर गेला नव्हता, हे फक्त राहीला ठाऊक होतं. तो वर निघाला. खांद्याशी आला. कानाशी आला आणि थांबला.  मग आईची बोटं हलली. कानामागून केसांवर, केसांवरून भांगापर्यंत, एकामागून एक, भिंत चढावी तशी ती तिच्याच डोक्यावर चढली आणि तांब्याच्या गळ्याला जाऊन बिलगली.

आता गौर दोन हातांत होती. चिमाने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बोलायची सोयच उरली नव्हती.

सगळ्या जणी मुकाट्याने जांभ्या दगडाची पाखाडी चढू लागल्या. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. सगुणाचा कोपर थरथरत होता, तिच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण पाऊल कुठे अडखळलं नाही.

उंबऱ्याशी हौसा पाण्याची कळशी घेऊन उभी होती. चिमाऐवजी सून समोर दिसली आणि ती जागीच थिजली. रीत अशी, की घरच्या थोरल्या बाईने आणणारीच्या पायावर पाणी घालायचं आणि विचारायचं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" त्यावर आणणारी म्हणते, "सोन्याच्या पावलांनी आली." मगच ती आत येते. विचारलंच नाही, तर तिने दारातच उभं राहायचं.

हौसाची नजर त्या वर गेलेल्या हातावर खिळली होती. पाण्याची कळशी तिने कमरेवरच घट्ट धरून ठेवली. सगुणाही सासूकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. मी इथून हलणार नाही, एवढंच होतं. थरथर आता कोपरातून खांद्यात उतरली. तांब्यातला तेरडा हलू लागला. ते पाहून चिमा पुढे सरसावली आणि तांब्या काढून घ्यायला तिने दोन्ही हात लांब केले.

राही त्या दोघींच्या मधे घुसली. चिमाचे हात तिने कोपराने बाजूला सारले. आजीच्या कमरेवरची कळशी दोन्ही हातांनी ओढून घेतली, आईच्या पायांवर भडाभडा पाणी ओतलं आणि मान वर करून, साऱ्या वाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं,

"गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"