पोर्ट एल्ड्रिजची सरासरी

पोर्ट एल्ड्रिजमध्ये दर महिन्याच्या सुरुवातीला घरांच्या भावाचं पत्रक निघे. पूर्वी लॉर्न त्यात मासे गुंडाळी. या उन्हाळ्यात मात्र तो ते तापाच्या माणसाने थर्मामीटर बघावा तसं बघू लागला होता.

त्याला कारण होतं. फेब्रुवारीत सगळ्या कॅनडात आता घरंच उरणार नाहीत अशी हवा होती, आणि त्या हवेत त्याने आणि बायको नोरीनने म्हातारपणासाठी बिनपायऱ्यांचं एक घर घेऊन टाकलं. 'आमचं जुनं विकलं गेलं तरच' ही अट न घालता. तेव्हा अट घालणाऱ्याला कुणी दारातही उभं करत नव्हतं. आता ऑगस्टअखेर पैसे भरायचे होते आणि जुनं घर हिरवळीवर 'विकणे आहे'ची पाटी रोवून जिथल्या तिथे होतं. ते गेलं नाही तर बयाणा बुडणार, वर नव्या घराचा मालक कोर्टात खेचणार. लॉर्नला हल्ली टपालवाल्याचीही धडकी भरे.

अशात शुक्रवारी गिऱ्हाईक आलं. एक तरुण जोडपं, सहा लाख दहा हजार डॉलर. दलालीणबाई ब्रेंडा-ली कागद घेऊन स्वयंपाकघरात बसली, बशीतल्या गोड बटर टार्टचा एक घास घेऊन म्हणाली, "सही करा."

नेमकं त्याच सकाळी पत्रक आलं होतं. मथळा होता : सरासरी भाव नऊ टक्के वर.

"नऊ टक्के!" लॉर्नची छाती कित्येक महिन्यांनी फुगली. "आणि आपण चोरीचा माल असल्यासारखं विकायचं?"

"लॉर्न, सही कर आणि मोकळा हो," नोरीन म्हणाली.

"आकडा खोडलात तर त्यांचा देकार मेला, बरं का," ब्रेंडा-ली म्हणाली. "मग ते कशालाच बांधील नाहीत."

"मेला तर दुसरा येईल. बाजार चढतोय!" त्याने आकडा खोडला, चाळीस हजार वाढवून लिहिले, शेजारी आद्याक्षरं केली. उद्या पाचपर्यंत उत्तराची मुदत. ब्रेंडा-लीने कागद फोनवरून तिथूनच पाठवून दिला.

नोरीन बशी उचलता उचलता सहज म्हणाली, "गेल्या महिन्यात घरं विकली तरी किती गं?"

"सात."

"आणि त्याच्या आधी?"

"एकोणीस."

"त्या सातांत दंतवैद्याने घेतलेली तळ्याकाठची हवेली धरलीय?"

ब्रेंडा-लीने हातातला टार्ट खाली ठेवला. "धरलीय."

"ती काढली तर?" लॉर्नने विचारलं. आवाज त्याचाच होता, पण लांबून आल्यासारखा.

"अकरा टक्के खाली."

"मग हे आधी नाही सांगायचं?"

"मी सही करा म्हटलं होतं."

"हळू म्हटलंस!"

"तुम्ही ओरडत होता ना."

कागद परत मागवता येईल का, जुना आकडाच चालेल असं कळवता येईल का, हे त्याने तीन तऱ्हांनी विचारून पाहिलं. कळवता येईल, ब्रेंडा-ली म्हणाली, पण घाबरलेल्या माणसाला कुणी जुना भाव देत नाही.

शनिवारी त्याने कापलेलीच हिरवळ पुन्हा कापली. रस्त्यापलीकडे हार्गिट्सच्या दाराशी एक निळी गाडी थांबली आणि तेच जोडपं उतरून घर बघायला आत गेलं. हार्गिट्सची पाटी लॉर्नच्याही आधीची होती. लॉर्न झुडपामागे उभा राहिला. त्यातली मुलगी बाहेर आली ती हसत होती.

पाचला थोडा अवकाश असताना ब्रेंडा-ली आली. त्यांनी चाळीस हजार नाकारले होते. नवा देकार : पाच लाख पंच्याहत्तर हजार, आजच्या आज. यात नव्या घराचे पैसे जेमतेम भागत होते, तेही लॉर्नची मासेमारीची बोट विकून.

"खोडायचंय काही?" तिने विचारलं.

नोरीनने पेन घेतलं, आपली सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. लॉर्नने न वाचता सही ठोकली.

"आता तर ते फिरत नाहीत ना?"

"त्यांच्या बँकेने कर्ज दिलं तर नाही."

"बँक कधी सांगते?"

"मंगळवारी."

नोरीनने चहाचं आधण ठेवलं. लॉर्न फोनकडे बघत बसला.